यादीतली घोंगडी

इंग्रजी शाळेतल्या आम्ही आठ मुली बाईंबरोबर भोकरदनच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगरातल्या एका दरीत तीन दिवस तंबू ठोकून राहणार होतो. वडिलांचा होकार मिळाला होता. खाली वडिलांची सही घेऊन बाईंना द्यायची सामानाची यादी मी लिहीत बसले होते, तेव्हा आत्याने बोटांवर दिवस मोजले.

"त्याच दिवसांत तुझी दूर बसायची पाळी येतीय. बिलकुल जायचं न्हाई."

महिन्याचे ते चार दिवस मी मागच्या पडवीत वेगळ्या घोंगडीवर काढत असे, आणि कुणी मला शिवत नसे. घरात मी फारसं बोलतही नसे. वडील खाली बघत राहिले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"पडवीत बसते, तशी तंबूत बसेन."

"आन् बाकीच्या पोरी शिवल्या तर?"

"शिवू देत."

"बघा, लईच जीभ सुटली हिची! अजून घाला इंग्रजी शाळेत!"

मी यादीतली सतरंजी खोडली आणि तिथं ठळक अक्षरांत 'घोंगडी' लिहिलं. कागद वडिलांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि आत्याकडं न बघता खाली सही केली.