दर सोमवारचा नील

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. नाव पल्लवी, वय बावीस, लग्नाला आठ महिने.

तिची सासू शेवंताबाई माझ्या टेबलाला खेटून बसली होती.

"डाक्टरीणबाई, हिनं अंग धरलंय. कितवा म्हैना हाय, तेवढं नीट मोजून सांगा."

भोरमध्ये दवाखाना घालून मला पंचवीस वर्षं झाली. सुनेला दिवस गेलेत असं वाटलं की सासू निदान हसते तरी. ही हसत नव्हती. शिवाय त्यांच्या गुंजवणे गावाहून जवळचं वेल्हे सोडून ती एवढ्या लांब आली होती. का, तर "वेल्ह्यात समदी वळखीची." माझा स्वभाव मुळात संशयी. मी मनात खूण करून ठेवली.

लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. पण प्रोटीन चार प्लस! किडनी म्हणजे गाळणी. चहा खाली पडावा आणि चोथा वर राहावा, तसं तिनं रक्तातलं प्रोटीन वर अडवायचं असतं. गाळणी सैल झाली की प्रोटीन लघवीवाटे जातं आणि अंगात पाणी साठतं. पोरगी अंग धरत नव्हती, सुजत होती.

दिवस नाहीत एवढं सांगून शेवंताबाईंना बाहेर बसवलं आणि किडनी बिघडवणाऱ्या एकेक गोष्टीबद्दल पल्लवीला विचारलं, "गोरं व्हायची क्रीम लावतेस?"

"नाही."

"बाजारातलं चूर्ण, काढा? सासूनं काही दिलं?"

"नाही."

"लहानपणी किडनीचा आजार?"

"नाही." हे 'नाही' माझा प्रश्न संपायच्या आत आलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, शाळेत कोरोनाच्या बूस्टरचा कँप होता. ते इंजेक्शन घेतल्यापासूनच झालंय हे."

माझं डोकं सटकलं. त्या वर्षी गुडघा दुखला तरी लोक लसीवर खापर फोडत होते. "उगाच लसीला नावं ठेवू नकोस," मी फटकारलं. "काय लपवतेयस ते सांग." तिनं मान खाली घातली. मला वाटलं, चोर पकडला.

एवढ्यात शेवंताबाईंनी दारातून मला खुणावलं. बाहेर गेले, तर त्यांनी पिशवीतून एक छोटी डायरी काढली.

"हिच्या बांगड्यांच्या डब्यात घावली. माजा पोरगा चाकणला कंपनीत. शनवारी येतो, रविवारी सांजच्याला जातो. आन हे बगा. सोमवारी कोण येतंय."

मी डायरी उघडली. प्रत्येक सोमवारची तारीख आणि पुढे एकच शब्द. नील. नील. नील. लग्नाच्या आठवड्यापासून एकही सोमवार चुकला नव्हता.

"ह्यो नील कोण, ते म्या अजून पोराला इचारलं न्हाई," शेवंताबाई कुजबुजल्या. "आदी तुमच्याकडनं खात्री करून घिते म्हनलं. दिवस नसले तर नसले, पर ह्याचं काय? पुढं तर नाव बी लिवलं न्हाई. नुसत्या फुल्या."

मी पान उलटलं. एका बुधवारपुढे 'बूस्टर' लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी नील. नंतरच्या सोमवारी एक फुली, त्याच्या पुढच्या सोमवारी दोन, आणि कालच्या सोमवारी चार.

त्या फुल्या नव्हत्याच. ते प्लस होते. आणि नील म्हणजे निल, प्रोटीन अजिबात नाही. लहान मुलांना हा आजार होतो तेव्हा डॉक्टर आईबापांना अशीच डायरी ठेवायला सांगतात. पोरीनं वेलांटी दीर्घ काढली होती, एवढंच.

आत जाऊन डायरी पल्लवीपुढे ठेवली. ती रडायला लागली. चौथ्या वर्षी हा आजार झाला होता. बाराव्या वर्षानंतर एकदाही उलटला नव्हता. लग्न ठरवताना तिच्या किकवी गावच्या आईवडिलांनी तो लपवला. पण आईनं शपथ घातली होती, दर सोमवारी पट्टीनं लघवी बघायची आणि लिहून ठेवायचं. नवरा रविवारी जायचा, म्हणून सोमवार सोयीचा.

"सासूबाईंना काय वाटतंय, माहितेय?" मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. सांगितल्यावर तिचं रडणं एकदम थांबलं.

"आजाराचं कळलं तर मला माहेरी पाठवतील, मॅडम."

"आणि नीलचं?"

ती उठली. पेशंटचा आजार मी कुणाला सांगू शकत नाही, हे मी तिला बोलले होते. सांगायचं तर तिनंच. तिनं सांगितलं, सासूपुढे उभं राहून, सगळं.

शेवंताबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "मुताच्या हिशेबाला बाप्याचं नाव? मला येडी समजलाय व्हय?"

मग मी जुनी पद्धत काढली. पल्लवीची लघवी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, वर ॲसिडचे दोन थेंब टाकले. दूध नासावं तशी ती पांढरी झाली. दुसरी नळी रिकामी होती. ती मी शेवंताबाईंच्या हातात दिली आणि संडासाचं दार दाखवलं. त्या पुटपुटत गेल्या. त्यांची नळी उकळून पाण्यासारखी नितळ राहिली.

"ह्याला आम्ही निल म्हणतो," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. "म्हंजी माजा बी नील?"

"तुमचाही."

त्यांनी डायरी सुनेच्या हातात दिली. "तुज्या आईशी म्या भांडनार हाय. लपवलंच कसं? तुज्याशी न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवशद काय ते लिवा."

पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन करून स्टेरॉइड सुरू केलं. दुसरा फोन लसीच्या ऑफिसात केला. लसीनंतर काही त्रास झाला तर त्याचा फॉर्म भरावा लागतो.

"मॅडम, असं लिहिलंत तर लोक लस घ्यायचे थांबतील," साहेब म्हणाले.

"लपवलेलं कळलं तर जास्त थांबतील."

फॉर्मला डायरीच्या पानांची झेरॉक्स जोडली. उत्तर आलं: संबंध असू शकतो, खात्रीनं सांगता येत नाही. मला ते पटलं. लस शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करते, त्यात कधीमधी एखाद्याचा झोपलेला आजारही जागा होत असावा. तसं फार क्वचित होतं, त्यामुळे इतरांना मी लस घ्या असंच सांगते. पण पोरगी जे सांगत होती ते खरं असू शकत होतं, आणि मी तिला झापलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरानं एका सोमवारी फोन आला. मागे एसटीचे हॉर्न आणि माणसांचा गलका.

"डाक्टरीणबाई, शेवंता बोलतीय! गावात रेंज न्हाई, म्हून वेल्ह्याच्या स्टँडवर आले." आणि मग, त्या सगळ्या वळखीच्या माणसांत उभं राहून, बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "आमच्या सुनंचा नील आला!"

आता डायरी लावून देताना 'निल' ऱ्हस्व लिहायचं, हे मी बजावून सांगते. आणि पेशंटनं त्रास सुरू झाल्याची तारीख सांगितली की आधी ती टिपून घेते, भांडण नंतर.