देऊळगावच्या वैद्यांची अंगठ्याची बरणी

परवा नातसुनेनं नाशिकहून वाईनची एक बाटली आणली आणि मोठ्या कौतुकानं फ्रिजच्या टपावर उभी करून ठेवली. वैशाखातलं खामगाव, भिंतींनासुद्धा हात लाववेना, त्यात खालून फ्रिजची धग. मी म्हटलं, "पोरी, तिथं ती बिघडेल." ती म्हणाली, "आजोबा, वाईन जुनी झाली की चांगली लागते ना?" मी हसलो. याच प्रश्नाचं उत्तर मला एकदा निम्मा बुलढाणा जिल्हा फिरून मिळालं होतं. तो प्रवास इथं लिहून ठेवतो. वाट अजून तीच आहे, रस्ते तेवढे सुधारलेत. दोन-तीन दिवसांची सवड असेल तर कुणीही करून यावा.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. माझं दुकान बाजाराच्या टोकाला, एका ओट्यावर. सुरुवात मी रिकाम्या बाटल्यांपासून केली. घरोघर फिरून गोळा करायच्या, सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, वैद्यांना विकायच्या. पुढे तेच वैद्य त्या भरून परत देऊ लागले आणि मी औषधवाला झालो. सगळ्यात जास्त खप द्राक्षासवाचा. मनुकांचा काढा, गूळ, मध आणि डोंगरातली धायटीची फुलं एकत्र घालून आंबवायचं आणि मुरू द्यायचं. म्हणजे वाईनची आपल्याकडची सख्खी बहीणच. बाळंतिणी न्यायच्या, आजारातून उठलेली माणसं न्यायची, आणि दारूबंदी आल्यापासून अचानक अशक्त झालेले काही धडधाकट गृहस्थही न्यायचे.

माझा माल यायचा देऊळगाव राजाच्या नाना वैद्यांकडून. माघात नाना गेले. तेव्हा मी तापानं अंथरुणाला होतो, भेटायला जाणं झालं नाही. चैत्र लागेपर्यंत फळीवरच्या बाटल्या संपल्या आणि नानांच्या मुलाकडून, माधवकडून, ना माल आला ना निरोप. मी जायचं ठरवलं.

"तुमाले भेटाले जायचं हाये का फिराले?" माझ्या बायकोनं, कमलनं, विचारलं.

"दोन्ही."

"हाव, आता खरं बोलून राह्यले," म्हणत तिनं भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला.

सकाळची मेहकर गाडी पकडली. या गाडीत उजव्या बाजूला बसावं, ऊन डावीकडून येतं. गाव सुटलं की काळी सपाट जमीन, मग घाट. एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते तेव्हा उतारावर बघा, तांबड्या बारक्या फुलांची झुडपं दिसतील. तीच धायटी. आसव आंबवायचं काम या फुलांचं. ज्या वर्षी ती अवकाळी पावसात भिजतात त्या वर्षीचं आसव रडतखडत आंबतं, ज्या वर्षी उन्हात कडक वाळतात त्या वर्षीचं सुरेख उतरतं. त्यात मनुका कुठल्या, गूळ कसा, यानं आणखी फरक पडतो. वाईनवाले कुठल्या सालची म्हणून विचारतात ना, ते उगाच नाही.

माझ्या पुढच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकवून एक म्हातारबा बसले होते, शेजारी त्यांचा जावई. बाटली नखानं वाजवून तिची चीर ओळखण्यात माझी उमर गेलेली, कान बंद ठेवता येत नाहीत.

"वैद्यबुवाचा हात गेल्ता जी शेवटी शेवटी," म्हातारबा म्हणाले.

"कोन्त्या वैद्यबुवाचा?"

"देऊळगावच्या नानाचा. भेटाले गेल्तो ना मी. पोरगं येईन त्याले बरणीतून चमचाभर द्राक्षासव देऊन राह्यलं होतं, नानाची आठवन म्हनून. निरा शिरका! आन् तोंडही वाकडं करता येईना मले, पोरगं समोर बसेल."

"मंग आता?"

"आता काय! दवाखाना बंद करून राह्यला म्हने. बुलढान्याले कारकुनी भेटली त्याले."

ठेचा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. नानांच्या मालाची बाटली मी कधी उघडून पाहिलीसुद्धा नव्हती, इतका भरवसा. आणि आता लोक त्यांना शिरका, म्हणजे आंबट व्हिनेगर, करणारे वैद्य म्हणून लक्षात ठेवणार?

जानेफळला उतरलो. इथले गणपतराव भाजीपाला पिकवायचे, मध त्यांच्याकडून घ्यायचो. त्या दिवशी त्यांच्या अंगणात ही गर्दी. जवारीचं पेव उघडलं होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणून, आत कडबा लावून केलेलं धान्याचं कोठार. तोंड बारीक, पोट मोठं. आधी कंदील दोरीनं आत सोडला. विझला की आत उतरायचं नाही, हवा वाईट असते. जळत राहिला, मग एकजण उतरला आणि टोपल्या वर येऊ लागल्या. शेजारपाजारचे पोती घेऊन उभे.

"एवढी सगळी आजच काढता?" मी विचारलं. "घरात तर चार माणसं."

"तं काय रोज पायली पायली काढू? एकडाव तोंड उघडलं का आतल्या मालाले हवा लागली. आता हे सारं काढून वाटून द्याचं. शेजारी आपलं पेव उघडतीन तवा आपल्याले देतीन." गणपतरावांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "इतलं समजत नाही काऊन हो शेठ? बाटल्यायची बुचं इकून राह्यले ना तुमी?"

सगळे हसले, मीही हसलो. वांग्याची भाजी, नव्या काढलेल्या जवारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. जानेफळच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर जेवल्याशिवाय निघू नका. जेवून लिंबाच्या सावलीत खाटेवर पडलो आणि पहिल्या डुलकीतच ताडकन उठून बसलो. बुचं विकतो मी! येईल त्याला चमचाभर, म्हातारबा म्हणाले होते. नाना म्हणजे पंचक्रोशीचे वैद्य. भेटायला किती माणसं आली असतील? आणि चमचे सगळे एकाच बरणीतले. म्हणजे त्या बरणीचं तोंड दिवसातून किती वेळा उघडलं?

दुसऱ्या दिवशी मेहकर. स्टँडबाहेरच्या भट्टीवर मिरचीची भजी झकास मिळायची. वेळ असेल त्यांनी इथून लोणार करावं, मला तेव्हा धीर नव्हता. सिंदखेड राजा मागे टाकून, अंगावर पांढऱ्या धुळीचा सदरा चढवून दुपार कलता देऊळगावात पोचलो. भाडं, चहा, भजी सगळं धरून पाचाची नोट मोडली होती, पण संपली नव्हती.

बालाजीच्या देवळाजवळच्या गल्लीत दवाखाना. दारात माधव पोत्याचं तोंड शिवत होता. पोत्यात नानांचा लोखंडी खल.

"भाऊ, तुम्हाला कळवणारच होतो," तो म्हणाला. "सोमवारी रुजू व्हायचंय. माल आता नाही मिळायचा."

"माल राहू दे. कोठी तर दाखव."

नानांची कोठी उत्तरेला, खिडकी नाही. पाय टाकला की गारवा. जमिनीत वाळू, ती पाणी शिंपडून ओलसर ठेवलेली, आणि त्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या चिनी मातीच्या बरण्या. वाचकहो, साठवणीचं सगळं शास्त्र त्या एका खोलीत होतं. अंधार, गारवा, कुणी हलवायचं नाही, आणि भांडं गळ्यापर्यंत भरलेलं, म्हणजे आत हवेला जागाच नको. तोंडावर कापड आणि मातीचा लेप. लेप ओला असताना नाना त्यात त्या वर्षाची खूण दाबायचे. लेकीचं लग्न झालं त्या वर्षी बांगडीचा तुकडा. पाऊस दडी मारून बसला त्या वर्षी बाभळीचा काटा. कापूस उदंड झाला त्या वर्षी सरकी. साल कुणाला विचारावं लागत नसे, खुणेवरून कळायचं.

त्या जुन्या सालांचा माल आता संपला होता. उरलेल्या, कोपऱ्यातल्या दोन बरण्यांच्या लेपावर अंगठा उमटलेला. एकीचा लेप फुटून नुसतं फडकं गुंडाळलेलं. मी तिच्यावर बोटानं टिचकी मारली. पोकळ आवाज. फडकं सोडलं तर नाकात शिरक्याचा भपकारा, आणि आसव पार तळाशी.

"अंगठा नानांचा?"

"माझा." माधव भिंतीकडे बघत बोलला. "शेवटच्या वर्षी नानांचे हात थरथरायचे. ते खाटेवरून सांगायचे, मी करायचो. त्या वर्षी या दोनच बरण्या. गावाला वाटतं नानांचा हात गेला. भाऊ, हात माझा होता. आणि हे मी कुणाला सांगितलंही नाही. ज्याच्या हातानं वडिलांचं नाव बुडालं त्यानं लोकांना औषध काय द्यायचं?"

मी दुसऱ्या बरणीवर टिचकी मारली. भद्द. गच्च भरलेली. कान लावला, आत काही उकळत नव्हतं, शांत. "ही का नाही उघडलीस?"

"हीसुद्धा आंबट निघाली तर?"

"तर सोमवारी बुलढाणा आहेच. पण त्याच मनुका, तीच फुलं, तोच हात. ही चांगली निघाली तर दोष हाताचा नाही, उघडझाकीचा." मग मी त्याला पेवाची गोष्ट सांगितली.

"पेवात जवारी असते, भाऊ."

"तोंड दोघांनाही असतं."

दारात काकू येऊन उभ्या होत्या, नानांच्या पत्नी. "आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं?" त्या हळूच म्हणाल्या. "मीच सांगत होते त्याला, दे म्हणून." माधव फुटक्या बरणीवर फडकं परत गुंडाळू लागला. काकूंनीच सांगितलं, उद्या सकाळी आरती झाली की उघडू.

सकाळी देवळातली घंटा थांबली. माधवनं कोयता घेतला, लेपावरच्या आपल्याच अंगठ्याच्या ठशावर टेकवला आणि तसाच बसून राहिला. "अरे, उघड," काकू म्हणाल्या. त्यानं लेप फोडला. मी काडी पेटवून तोंडाशी धरली. ज्योत सरळ उभी राहिली. आंबणं चालू असतं तर आतल्या वायूनं विझली असती, म्हणजे ते पुरं झालेलं. मग वास आला, मनुकांचा, वेलचीचा, आणि त्यामागून काहीतरी उबदार, ज्याला मला नाव देता येत नाही. कुणीच चमचा उचलेना. शेवटी काकूंनी घेतला. घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"अजून कोवळं आहे," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले असते, आणखी एक वर्ष ठेवायला हवं होतं."

बिघडलंय असं नाही, कोवळं आहे! माधवनं स्वतः एक चमचा घेतला, मग आणखी एक, आणि उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं ओसरीवरून लोखंडाचा आवाज आला. पोत्याची शिवण उसवून त्यानं खल बाहेर काढला होता.

तोंड उघडलं म्हणजे सगळं काढायचं. तो सबंध दिवस आम्ही बाटल्या भरल्या. बाटल्या उकळून वाळवायचं काम माझं, नरसाळं माधवचं, बुचावर मेण ओतायचं काम काकूंचं. प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत. मी सुचवलं, ज्यांनी ज्यांनी आंबट चमचा गिळला त्यांच्याकडे एकेक धाडा. बसमधल्या म्हातारबांचं वर्णन सांगितलं तर काकू हसल्या. "मेहकरचे ते. तोंड वाकडं न करता गेले, भला माणूस. त्यांना पहिली."

परतीला चिखलीची गाडी. मांडीवर कडब्यात बसवलेली बाटल्यांची पेटी.

"काय हाय जी पेटीत?" कंडक्टर.

"औषध."

"औषध म्हननारे लय भेटते मले." मी खिशातलं, आसवात भिजलेलं एक सुटं बूच त्याच्या नाकाशी धरलं. "हे कायच्यावर?"

"याच्यानं भूक लागते."

"मंग नको, भाऊ. आहे त्या भुकेलेच पगार पुरत नाही."

घरी पोचलो. एक बाटली मी विकली नाही. माठाच्या तिवईखाली ओल्या वाळूत आडवी ठेवली, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, सुकून आकसत नाही. पुढच्या चैत्रात उघडली. काकूंचं म्हणणं खरं होतं, त्या एका वर्षानं गोडीतला तिखटपणा जाऊन ती खोल झाली होती. म्हणून सगळंच ठेवून द्यावं असं नाही. फार पातळ, फार साधं असतं ते लवकर संपवावं, ठेवून त्याचं काही होत नाही. माझं ऐकून एक ओळखीचे गृहस्थ सरबत मुरवत बसले होते.

त्याच सुमाराला माधवकडून नव्या वर्षाची पहिली बरणी आली. लेपावर काय असेल म्हणून मी दिव्याजवळ नेऊन बघितलं. मातीत जवारीचा एक दाणा दाबलेला होता.

नातसुनेची बाटली काल मी फ्रिजवरून उतरवून माठाखाली आडवी ठेवली. ती म्हणाली, "मग उघडायची कधी, आजोबा?"

म्हटलं, "ती संपवायला पुरतील एवढी माणसं घरात असतील त्या दिवशी."