दादाचा जबाब

दादा गेला तेव्हापासून आईचा त्याच्यावर राग होता. मेलेल्यावर कोणी राग धरतं का, असं मी तिला कितीदा तरी विचारलं. "तो आपल्या मनानं उतरला," एवढंच ती म्हणायची आणि तोंड फिरवायची. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं, दादा तिथे मजुरीला होता. काठ ढासळला आणि तो आत गाडला गेला. आदल्या दिवशी सुरुंग लावले होते, म्हणून त्या सकाळी कोणी उतरायचं नाही असं ठरलं होतं, तरी हा उतरला, असं ठेकेदाराची माणसं गावभर सांगत फिरली. सरकारी चौकशी झाली. तिच्यात काय निघालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पुढे बापही गेला, तोही याबद्दल कधी चकार शब्द न काढता.

गेल्या वर्षी आई आजारी पडली तेव्हा म्हणाली, "त्याले कोणी धाडलं, का तो आपल्या मनानं गेला, तेवढं मले मरायच्या आंधी समजू दे." मी जानेफळला सासरी. तिथूनच माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, कागद आढळून येत नाहीत. मी अशी खवळले! विहिरीतून माणूस निघतो आणि कपाटातून कागद निघत नाही? अपील केलं, तसे कागद लगेच आढळले आणि कचेरीत येऊन पाहणी करा असं पत्र आलं.

जुन्या कागदांची खोली कचेरीच्या पार मागे होती. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागला. बाहेर लोकांचा गलका होता, पण दार लोटलं की आत काहीच ऐकू येत नव्हतं. कारकुनाने लाल फडक्यातला गठ्ठा सोडून दिला. "वाचा ताई, पण पान काढू नका," म्हणाला आणि चहाला निघून गेला.

दादाबरोबरच्या मजुरांचे जबाब होते. सगळे माझ्या ओळखीचे. त्यातला एक तोतरा, एक शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं न करणारा. कागदावर मात्र सगळे एकाच तोंडाने बोलत होते. 'मी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मयत हा स्वतःहून विहिरीत उतरला. त्यास कोणीही सांगितले नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' पान उलटलं, तेच. आणखी उलटलं, तेच. सगळ्या गावाच्या अंगात कोणी एकच शिरलाय आणि तो या खोलीतच कुठेतरी बसलाय, असं वाटायला लागलं. मी मागे वळून पाहिलंसुद्धा.

मग एका पानावर दादाचं नाव आलं. मयत म्हणून नाही, जबाब देणारा म्हणून.

'मी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी स्वतःहून विहिरीत उतरलो. मला कोणीही सांगितले नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जबाब मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' तारीख त्याच्या तेरवीची. खाली अंगठा.

दादा दहावी शिकलेला, झोकात सही करायचा. त्या दिवशी घरी आम्ही त्याच्या नावाने पान वाढलं होतं, आणि इथे कोणीतरी त्याला समोर बसवून वाचून दाखवत होतं! मी भ्याले, सरळ सांगते.

कारकून आल्यावर त्याला ते पान दाखवलं. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हजेरीपट पाहून जबाब लिहिले असतीन ताई. त्यायचं नाव होतं ना हजेरीपटावर." म्हणजे मेलं तरी गैरहजर राहायची सोय नाही. प्रमाणित प्रत माझ्या हातात देऊन त्याने घाईघाईने गठ्ठा बांधला.

माहेरी जाणारी एसटी उंद्रीला बराच वेळ थांबली. शेजारची जागा रिकामी होती, तरी मी अंग चोरून खिडकीकडे सरकून बसले.

आई ओट्यावर होती. मी जबाब वाचला. "फिरून वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचला. मग तिने कागद घेतला, उजेडाकडे धरला. तिला वाचता येत नाही. अंगठ्याच्या ठशात एक आडवी पांढरी रेघ होती, त्यावरून तिने बोट फिरवलं.

"हा त्याचा नाही. हा तुह्या बापाचा. इळा लागला होता इथं."

"बापाने असं लिहून दिलं?"

"लिहून कायचं? दवाखान्यात कोऱ्या कागदावर अंगठे घेतले ना त्यायनं. म्हने, अंगठे द्या तवाच प्रेत भेटन. मांगतले तितके देल्ले त्यानं."

माझं डोकं फिरलं. वरपर्यंत जाते, एकेकाला उघडं पाडते, असं काय काय मी बोलत सुटले. आईचं लक्ष नव्हतं.

"तो आपल्या मनानं गेला असता," ती हळूच म्हणाली, "तं मेलेल्याच्या तोंडून वदवून घ्यायची काय गरज होती त्यायले?"

"नव्हती."

"म्हंजे धाडलंच होतं." तिने कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग म्या इतके वर्ष माह्या लेकरावर राग काऊन धरला वं बाई?"