पायांची घासाघीस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजात माझं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गुहागरहून हात हलवत आलो होतो. हेल्परचा मालक झालो तो जिभेच्या जोरावर. भाव करताना माझा एकच नियम — समोरच्याला आधी बोलू द्यायचं.

कोफी घानाचा. तिकडच्या व्यापाऱ्यांसाठी माझ्याकडून माल निवडून न्यायचा आणि शुक्रवारी सकाळी माझ्याच गोदामात नाच शिकवायचा. जागा मी दिली ती गिऱ्हाईक टिकावं म्हणून. पण ढोल कानावर पडला नि राहवेना. गावी जाखडीत नाचलेला माणूस मी. थोड्याच दिवसांत मीही रांगेत — गुडघे वाकवून, पाठ झुकवून, सुटलेलं पोट सावरत. दुकानातला सदा म्हणायचा, "शेट, गोदामात भूकंप करताय म्हणे!"

त्यांच्या जुन्या नाचात ढोल मध्येच इशारा देतो आणि त्याच क्षणी पाऊल बदलायचं असतं. मी कायम मागे. इशारा खरा आहे ना, बाकीचे बदलतायत ना — आधी बघणार, मग हलणार. एका शुक्रवारी कोफीने ढोल थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्टर सावंत, तुमचे पाय घासाघीस करतात. ढोलाने आधी भाव बोलावा म्हणून थांबतात!"

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की अजून कान तापतात. त्याने एक नवा नाच बसवायला घेतला होता, पावलं जुनी पण मांडणी आजची. त्यात मला शेवटच्या रांगेत टाकलं. माझ्या गोदामात, मला!

त्याचं चुकलं होतं का? नाही. ते मला तेव्हाही कळत होतं.

फुजैराच्या एका हॉटेलला दर आठवड्याला कार्यक्रम हवा होता. मॅनेजर केरळचा, हिंदी बोलणारा, म्हणून बोलणी माझ्याकडे आली. कोफीचा व्हिसा संपत आला होता. हॉटेलने घेतलं असतं तर नवा व्हिसा मिळणार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाच हेच त्याचं काम होणार होतं. माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यासारखा बोलणारा दुसरा कोण आहे?"

मी फोन लावला. मॅनेजर जवळजवळ तयार होता. शेवटी त्याने सहज विचारलं, "आदमी भरोसे का है ना, भाईसाब?"

मी थांबलो. किती वेळ? समोरच्याच्या मनात शंका यायला लागतो, तेवढाच. मग म्हणालो, "सच बोलूँ? ऐन टाइम पे गायब हो जाता है।"

खलास.

कोफीला सांगितलं, हॉटेलवाल्यांनी बेत रद्द केला. तुम्हाला वाटेल, त्याला संशय आला असेल. नाही. "तुम्ही आमच्यासाठी भांडलात," म्हणाला, आणि निघण्याआधीच्या शुक्रवारी मला पुढच्या रांगेत उभं केलं. मी उभा राहिलो! नाचलोसुद्धा. त्या दिवशी माझं पाऊल एकदाही मागे पडलं नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी घानातल्या अक्राहून त्याचा फोन आला. पुन्हा यायचं म्हणत होता — त्या हॉटेलात एकदा विचारून बघाल का? मी दुकानात चहा पीत बसलो होतो. म्हणालो, ते हॉटेल कधीच बंद पडलं.

हॉटेल चालू होतं. पहिल्या वेळी रागाच्या भरात बोलून गेलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. कोफीच्या त्या फोनच्या वेळी मला कसलाही राग आलेला नव्हता.