आवाज गेल्यानंतरचा रविवार

परवा पनवेलच्या बाजारात एका दुकानातून ज्येष्ठमधाचा वास आला आणि एकदम बाबा आठवले. ते आमच्या चर्चच्या गायनमंडळात गायचे, आणि उपासनेआधी ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला.

त्यानंतर चर्चला आले त्या पहिल्याच रविवारी ते आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. पेटी सुरू झाली. गळ्याला पट्टी बांधलेले बाबा डोळे मिटून नुसते ओठ हलवत होते. लोक बघायला लागले. मी तेव्हा सोळा वर्षांची. लाजेने पुढे गेले आणि कुजबुजले, "बाबा, बसा ना. काही ऐकू येत नाहीये."

त्यांनी खिशातली छोटी वही काढून लिहिलं, "प्रभूला येतंय."

मला तो हट्टीपणा वाटला होता.

आता यजमान गेले, मुलगी परदेशात आहे. विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये दोन-दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. तरी संध्याकाळी मी एकटीच गीत म्हणते. बाबांची ती खात्री मला अजून आलेली नाही. पण कडवं मात्र एकही गाळत नाही.