काळा की नेव्ही ब्लू

आर्वीच्या बाजारात ताराचंदशेठचं मॅचिंग सेंटर आहे. साडी समोर आली, की त्यांचा हात न शोधता नेमक्या ब्लाउजपीसवर पडायचा. पण माणूस एका जागी ठरणारा नाही. गिऱ्हाईक नसलं की कापडाचं हे थान काढ, ते लाव; बसले तरी पाय हलतच असायचा.

दोन वर्षांपासून माल परत यायला लागला. विमलाबाई या जुन्या गिऱ्हाईक निळ्या साडीवरचा पीस घेऊन आल्या. "शेठजी, हा तर काळा दिला तुम्ही."

शेठ भडकले. "चाळीस वर्षं हाच धंदा करून राह्यलो मी! नेव्ही ब्लू आहे हा."

शेजारी उभी असलेली सून रक्षा हळूच म्हणाली, "बाबूजी, काळाच आहे." तर गिऱ्हाइकादेखत तिला नको ते बोलले. आणि दिवसभर आतून धुमसत राहिले.

त्यांनी ट्यूबलाइटी बदलल्या. भिंतींना नवा रंग दिला. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले. शेवटी बायको, प्रमिलाबाई, म्हणाली, "अजून काय काय बदलता? डोळे काऊन नाई दाखवत?" आणि त्यांना एसटीत बसवून वर्ध्याला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग पिवळट, धुकट झालंय. त्यातून निळा आणि काळा सारखाच दिसणार. थेंबांनी ते साफ होत नाही. ते काढून नवं भिंग बसवायचं."

"अजून पिकू देऊ ना?" शेठनी विचारलं.

"तशी वाट पाहायची गरज नाही. फार पिकला तर काढायला उलट अवघड जातो. कामात अडायला लागलं ना तुम्हाला? मग करून घ्या. आधी उजवा, मग डावा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तुम्ही जागेच असाल, फक्त हलायचं नाही."

फक्त! शेठचा जीव तिथंच अडकला. घरी तख्तावर पडून सराव केला. प्रमिलाबाई मोबाइलवर वेळ लावून बसली. दुसऱ्याच मिनिटाला शेठ उठले. "मले नाई जमत. मी हाललो न् डोळाच गेला तर?"

ऑपरेशनच्या दिवशी डोळा सुन्न करायचे थेंब पडले. पापणी उघडी राहावी म्हणून चिमटा लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोकला आला तर आधी सांगा. दिव्याकडे पाहत राहा." शेठ मनातल्या मनात थानं लावू लागले. अबोली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी... पायाचा अंगठा तेवढा वळवळत होता. सगळं कपाट दोनदा लावून झालं आणि तिसऱ्यांदा अबोलीवर आले, तेव्हा आवाज आला, "झालं, शेठजी."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. शेठ खिडकीकडे पाहत राहिले. "सिस्टर, तो पडदा निळा आहे का हो?"

"निळाच आहे."

डोळा चोळू नका, पाणी जाऊ देऊ नका, थेंब वेळेवर घाला, असं सगळं बजावूनही शेठ चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून दुकानात हजर. काळ्यांच्या कप्प्यातली थानं दारात उजेडात आणली, चष्मा वर केला. निम्मी नेव्ही ब्लू निघाली. त्यांनीच लावलेली.

ते तिथंच खाली बसले. "रक्षा, तू खरं बोलत होती. मीच ऐकलं नाई."

थानं वेगळी करता करता रक्षा म्हणाली, "पहिले चष्मा लावा, बाबूजी."

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून तीन आठवडे आहेत. शेठ पांढरा पीस समोर धरून एक डोळा मिटतात, मग दुसरा. उजव्याने पांढरा, डाव्याने चहा सांडल्यासारखा. मग पीस टाकून पुन्हा दवाखान्यात फोन लावतात, "कोणाचा नंबर रद्द झाला तर मले सांगा. मी पुढच्याच गाडीनं येतो."