यमनाप्पाचे टाळ

वडगावचा विणकर यमनाप्पा वीस वर्षं ख्रिस्ती देवळात टाळ धरून गीतं सांगत होता. १९३१ साली खानापूरहून नव्या मास्तरांची बायको एस्तेर आली आणि मंडळी तिच्या गळ्यावर डोलू लागली. यमनाप्पाचा जळफळाट झाला.

एका रविवारी पाळकांनी बायबलातलं प्रकटीकरण वाचलं. स्वर्गातले चोवीस वडील, म्हणजे ज्येष्ठ मंडळी, आपले मुकुट सिंहासनापुढे टाकून देवाची स्तुती गातात, तो भाग होता.

"मुकुट का टाकतात, यमनाप्पा?" पाळकांनी विचारलं.

"गाणाऱ्याचा मोठेपणा उरू न्हाय म्हणून, साहेब. गाणं सगळं देवाचं," त्याने पाठ झालेलं उत्तर दिलं.

मागच्या बायकांतून नागुबाई म्हणाली, "मग टाळ दे की तिला, अण्णा!"

मंडळी हसली. त्याने टाळ एस्तेरपुढे ठेवले. गीत सुरू होताच मात्र सगळ्यांत चढा आवाज त्याचाच होता.